सगळ्यांचे श्वास वीस

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक महिना मी पुन्हा केला. आमच्या तुकडीत मी एकटीनेच. त्याचा राग अजून गेलेला नाही.

नर्सिंगला येण्याआधी मी आईबरोबर तुळिंजच्या बाजारात केळी विकायचे. केळीची वाडी आमची, माल आमचा, आणि तोंड माझं. फणीत केळी किती हे मी उचलतानाच सांगायचे. गिऱ्हाईक एक रुपया कमी करायला आलं तर दोन वाढवून परत पाठवायचे. प्रवेशाची फी मी त्याच टोपलीवर उभी केली, कोणाकडे हात पसरला नाही.

स्त्रियांच्या वॉर्डात आमची ड्युटी लागली. पहिल्याच आठवड्यात मी ड्युटीच्या यादीवरून इनचार्ज सिस्टरांशी घासाघीस केली. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ए केळेवाली, इथे भाव होत नाही." पोरी हसल्या. ते हसणं मी लक्षात ठेवलं.

सकाळी बारा खाटांचा ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास लिहायचा असे. श्वास मोजायचा म्हणजे मनगट धरून नाडी बघत असल्याचं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. शिवाय पूर्ण मिनिट उभं राहायचं. बारा खाटा, बारा मिनिटं. माझ्या आधी तो वॉर्ड केलेल्या आमच्याच तुकडीतल्या एकीने मला पहिल्याच दिवशी शिकवलं, की श्वासाच्या रकान्यात वीस लिहायचे. सगळ्यांचे वीसच असतात, कोणी विचारत नाही. बारा मिनिटं वाचली म्हणून मी खूश झाले. मला तो सौदा वाटला.

एके दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर आचोळ्याच्या एक मावशी होत्या. आदल्या दिवशी मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं आणि दुखण्यासाठी जोरदार इंजेक्शन चालू. शांत झोपल्या होत्या. मी ताप घेतला, नाडी घेतली, रक्तदाब घेतला. श्वास वीस.

तासाभराने त्यांची मुलगी माझ्यामागे आली. "सिस्टर, आईचं जरा बघता? मध्येच थांबल्यासारखं करते."

मी तिला म्हटलं, औषधाची गुंगी आहे, झोपू दे. तरी गेले. मनगट धरलं आणि छातीकडे पाहिलं. छाती वर आली, खाली गेली. मग काहीच नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि पांघरूण हलत नव्हतं. मग पुन्हा एकदा वर. मिनिटभरात आठ. माझी चूक असेल म्हणून पुन्हा मोजले. आठच. हाक मारली तर त्यांनी डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले.

चार्ट खाटेच्या पायाशी लटकत होता, माझ्या अक्षरातले वीस त्यावर. पेन खिशात होतं. वीसचे दहा करता आले असते, किंवा नुसतं पळत जाऊन सांगता आलं असतं, की आत्ताच बिघडल्या. कोणाला कळलं असतं? पण डॉक्टर तो चार्ट बघणार, सकाळी सगळं ठीक होतं असं धरून चालणार, आणि दुखण्याच्या इंजेक्शनाने श्वास मंदावलाय हे सोडून भलतंच शोधत बसणार. तेवढ्या वेळात पांघरूण हलायचं थांबलं तर? आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कमी-जास्त करायला काही नव्हतं.

मुलीला म्हटलं, आईला हाका मारत राहा, झोपू देऊ नकोस. आणि सिस्टरांकडे धावले.

"खिडकीच्या मावशींचे श्वास आठ आहेत."

"किती वेळ मोजलेस?"

"पूर्ण मिनिट. दोनदा."

"आणि सकाळचे?"

"सकाळचे मोजलेच नव्हते. नुसते लिहिले."

तोवर त्या खाटेकडे निघाल्या होत्या. ऑक्सिजन लागला, डॉक्टर आले, गुंगी उतरवणारं इंजेक्शन दिलं. मी मनगट धरून मोजत राहिले. नऊ. अकरा. तेरा झाले तेव्हा मावशींनी मुलीकडे पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मॅडमनी तुकडीला विचारलं, असं आणखी कोण करतं. कोणी हात वर केला नाही. मला शिकवणारी खाली बघत राहिली. मी भडकले. म्हटलं, गेल्या महिन्याचे चार्ट काढा, वीसशिवाय आकडा दाखवा. मॅडमनी फाइल मिटली. महिना मलाच मिळाला, त्याच वॉर्डात, त्याच सिस्टरांच्या हाताखाली.

त्या महिन्यात त्यांनी मला दुसरं काम जवळपास दिलंच नाही. रोज बारा खाटा, बारा मिनिटं. माझ्यामागे त्या स्वतः मोजायच्या आणि आकडा जुळला नाही तर पुन्हा उभं करायच्या. मी नर्स झाले ती तिथे. हे कबूल करताना अजून जिवावर येतं.

आज नालासोपाऱ्यातल्या एका हॉस्पिटलात वॉर्ड माझ्या हाताखाली आहे. माझ्या आवाजाला पोरी घाबरतात. गेल्या आठवड्यात नव्या मुलीचा चार्ट उचलला: वीस, वीस, वीस, खालपर्यंत. ती माझ्या ओरडण्याची वाट बघत उभी होती. चार्ट तिच्या हातात देऊन मी पहिल्या खाटेपाशी गेले, मनगट धरलं आणि पांघरूण हलण्याची वाट पाहू लागले.