कारकुनांच्या घरचे लाडू

जव्हारच्या कचेरीतले ते कारकून सगळं दोनदा बोलत. "बसा मास्तर, बसा. स्वतःच लिहा, स्वतःच."

संस्थानाने शिकवण्यांवर कर बसवला होता आणि आपली मिळकत आपणच लिहून द्यायची होती. माझी ती पहिलीच खेप. मी फी लिहिली, जामसरहून आलेला तांदूळ लिहिला, खाऊन संपलेला कोंबडासुद्धा लिहिला.

कागद वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमचे लाडू? आमचे लाडू?"

त्यांच्या मुलीला मी शिकवत असे आणि फीऐवजी वहिनी डबाभर लाडू देत.

"राहू द्या हो," मी म्हणालो, "ते फुटता फुटत नाहीत."

त्यांनी हळूच दाराकडे पाहिलं.

"निम्मे धरा," ते म्हणाले. एकदाच.