अकरा सुकले, बारावा नाही

सोमवारी सकाळी भाई आणि मी एकदमच घरातून बाहेर पडलो. मी बसकडे गेले, तो वळणाकडे. आठच्या सुमारास वळणावर खनिजाच्या ट्रकने त्याला धडक दिली. साडेआठला शाळेत निरोप आला. मी रजिस्टर मिटलं, कपाटाला कुलूप लावलं आणि निघाले.

डिचोलीतल्या एका शाळेत मी ग्रंथपाल होते. या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडून देते. उलटे पाय, रस्त्यावर हात दाखवणारी बाई… माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही मला तो हवाहवासा वाटत नाही. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली. दुसरं कारण असं की ते आठवलं की मला भीती वाटत नाही, राग येतो. रागात लिहिलेलं मला आवडत नाही. पण राग उतरायची वाट बघत बसले तर मीच आधी जाईन.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. शिमग्याच्या आधीचे दिवस, हवा कोरडी ठाक. आमचं घर डिचोलीहून आमोण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. त्या काळी पहाटेपासून ट्रक सुरू व्हायचे. खाणीवरून नदीच्या धक्क्याकडे जाताना भरलेले, परत येताना रिकामे, आणि रिकामे जास्त जोरात. अंगणातली तुळस तांबडी, दोरीवरची चादर तांबडी. खिडक्यांची जनेलं लावून घेतली तरी जेवताना दाताखाली कचकच व्हायची. घरात आम्ही दोघंच. भाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लग्न त्यानेही केलं नाही, मीही नाही.

भाई चित्रकार होता, पण विकतचे रंग त्याने सोडून दिले होते. आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी-पांढरी नक्षी असते, तिला कावी म्हणतात. आधी चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो थर ओला आहे तोवर लोखंडी कोरणीने रेघा खरवडायच्या. खालचा पांढरा दिसतो, तेच चित्र. हे काम भाई बाबलो मेस्तकडून शिकला. बाबलो मेस्त म्हणजे देवळांच्या भिंती केलेला म्हातारा गवंडी. भाईकडे देवळाची भिंत नव्हती, म्हणून तो लाकडी चौकटीत कामट्यांची जाळी बसवून तिच्यावर गिलावा चढवायचा. अशा चौकटीला आम्ही फळी म्हणायचो. चुना नार्व्याच्या नदीकाठच्या शिंपल्यांचा, दोन महिने मडक्यात भिजवलेला. तांबडी माती मात्र तो कुठून आणत नसे. उंबऱ्यावरचीच झाडून घ्यायचा.

"कंपनी घरपोच दिता," म्हणायचा. "मगीर बाजारांत कित्याक वचूं?" मग बाजारात कशाला जायचं, असा त्याचा हिशेब.

या कामात एक सक्ती असते. सकाळी थर दिला की संध्याकाळच्या आत कोरून संपवायचं, नंतर त्याचा दगड होतो. आणि ज्या हाताने थर दिला त्याच हाताने कोरायचं, असा मेस्तचा नियम होता.

माझ्याकडे भोकं पाडायचं काम असायचं. भाई कागदावर चित्र काढायचा. मी त्या रेघांवरून सुईने टोचत जायची, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने. मग तो कागद ओल्या थरावर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हळूहळू आपटायची, की खाली ठिपके उमटतात. मला साधा आंबा काढता येत नाही. पण भाईची एकूण एक रेघ माझ्या बोटांखालून गेलेली होती.

"तूं पुस्तक वाचता तशें टोच," तो सांगायचा. "एकूय अक्षर सोडूं नाका."

त्या वर्षी पणजीच्या एका हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन ठरलं. बारा कावी. अकरा झाल्या होत्या — आमोण्याचा नदीकाठ, नार्व्याच्या देवळाची दीपमाळ, भाताची मळणी अशा. बारावी आमचा रस्ता. ट्रकांची रांग, घरं, आणि मधलं ते वळण. प्रदर्शन भरवणारे खांडोळकर सर एकदा घरी आले, त्यांनी रस्त्याचं रेखाटन पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. हॉलचा खर्च एक खाण कंपनी करणार होती.

"बाकीचं सगळं सुंदर आहे हो," सर म्हणाले. "पण हा रस्ता कशाला? चांगल्या कामात कडवटपणा कशाला?"

भाईने जनेलाच्या फळीवरून बोट फिरवलं आणि ते तांबडं बोट त्यांच्यासमोर धरलं. "कडवट? जीभ लावन पळयात, सर."

सर हसले नाहीत. कॅटलॉग मराठीत छापायचा की कोंकणीत, यावर मात्र ते दोन तास बोलले. तेव्हा सगळेच बोलत होते. भाषेवरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता, घराघरात भांडणं होती. पण आमच्या दारावरून दिवसभर जाणाऱ्या ट्रकांबद्दल कोणाकडेच एक शब्द नव्हता. मराठीतही नाही, कोंकणीतही नाही.

त्या सोमवारी भाईने पहाटेच बाराव्या फळीवर तांबडा थर दिला. कागद तयार होता. फक्त वळणाची जागा, तळहाताएवढी, कोरी होती. तिथे रस्ता नेमका कसा वाकतो ते त्याला जमत नव्हतं, म्हणून रेघ नव्हती, म्हणून माझी भोकंही नव्हती.

"जावन एकदां पळेवन येतां," तो म्हणाला. "दार धांपून घे, वारें लागूंक दिवूं नाका. सुकचे आदीं येतां."

मी त्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं. सुटी घेऊन त्याच्याबरोबर गेले असते तर, हा विचार मी लिहिणार नव्हते. लिहिला.

भाईला काही नीट बघायचं असलं की तो वहाणा काढून ठेवायचा आणि उकिडवा बसायचा. मी वळणावर पोचले तेव्हा त्याच्या वहाणा रस्त्याच्या कडेला गवतात होत्या, जोडीने. मी त्या पोलिसांना दाखवल्या. त्यांनी कागदावर लिहिलं की मयत इसम रस्त्याच्या मधोमध उभा होता. तिसऱ्या दिवशी कंपनीचे एक अधिकारी भेटायला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. अंगणात रुमालाने खुर्ची पुसून बसले.

"मधोमध उभे होते म्हणतात," ते म्हणाले. "भर रस्त्यात असं कोण उभं राहतं, बाई?"

मी चहा आणून ठेवला. मी नेहमीच गप्प राहते, लोक त्याला सुशिक्षितपणा म्हणतात.

दहाव्या दिवशी खांडोळकर सर आले. डोळे पुसले, खरंच पुसले. मग म्हणाले, "अकरा लावू. बाराव्याची जागा तशीच कोरी ठेवू. कोरी जागा फार बोलते." त्यांनी पत्र लिहूनच आणलं होतं. मी सही केली. नंतर रात्रभर माझ्या डोक्यात तेच. कोरी जागा काही बोलत नाही. बोलत नाही म्हणूनच ती त्यांना हवी होती. हे मला सही केल्यावर सुचलं.

सुतकात भाईची खोली मी उघडलीच नाही. तेरावा आटोपला, माणसं पांगली, आणि चौदाव्या दिवशी सकाळी केरसुणी घेऊन मी दार ढकललं.

वाडग्यातलं पाणी आटून तळाशी तांबडं वर्तुळ राहिलं होतं. थापीवरचा चुना दगड झाला होता. कुंचला काठीसारखा कडक. आणि बारावी फळी ओली होती.

आधी वाटलं, उजेडामुळे चमकतेय. बोट लावलं. बोट तांबडं झालं, गार लागलं. छपराकडे पाहिलं, कौलं धड होती. फळीमागे हात घालून पाहिला, भिंत कोरडी होती. खोलीला कुलूप नव्हतं, पण आत येऊन कोणी पाणी मारलं म्हणावं तर जमिनीवर तेरा दिवसांची धूळ सारखी पसरलेली, आणि तिच्यावर पावलं फक्त माझी.

मी बाबलो मेस्तला बोलावून आणलं. त्याने अंगठा दाबला, ठसा उठला. मग स्टूल ओढून तो फळीसमोर बसला.

"पन्नास वर्सां चुन्यांत हात घालतां, बाय," तो म्हणाला. "चुनो कोणाखातीर रावूंक ना."

"हा राहिलाय."

"व्हय… रावला."

"मग तुम्ही कोरा."

"ना ना. हो थर म्हजो न्हय. ज्याचो ताणेंच काडूंक जाय."

"ज्याचा आहे तो मेला, मेस्त!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्या माणसावर ओरडले असेन.

त्याने कागद उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, "हीं भोकां कोणें घाल्लीं?"

"मी."

"मगीर अर्दो हात तुजो." आणि भाईची कोरणी उचलून त्याने माझ्या हातात दिली.

मी कागद धरला, मेस्तने पुरचुंडी आपटली. ठिपके उमटले. सकाळी अकराला मी पहिली रेघ ओढली. मी रेघ ओढून पुढे सरकले की मागचा थर घट्ट व्हायचा. पुढचा मऊच. माझ्या हाताच्या वेगाने ती फळी सुकत येत होती. मेस्त मागून नख लावून बघायचा आणि हात झटकायचा.

मी रडत नव्हते. मी शिव्या देत होते. ज्या शब्दांसाठी शाळेत मुलांना वर्गाबाहेर उभं केलेलं पाहिलं होतं, ते सगळे. ट्रकांना दिल्या, पोलिसांना दिल्या, खांडोळकर सरांच्या कोऱ्या जागेला दिल्या. भाईला सगळ्यात जास्त. एक वळण बघायला गेला! तीस वर्षं दारात असलेलं वळण!

"घाल, घाल," मेस्त म्हणाला. "चुन्याक गाळी लागनात."

चारच्या सुमारास वळण आलं. ठिपके संपले. तरी मी कोरणी टेकवायला गेले, तेव्हा मेस्तने माझं मनगट धरलं.

"थंय भोकां नात. राव."

आम्ही थांबलो. संध्याकाळपर्यंत सगळी फळी टणक झाली. ती तळहाताएवढी जागा सोडून.

शाळेतल्या रसायनशास्त्राच्या सरांना मी घरी आणून ते दाखवलं. ते म्हणाले, शिंपले खारट पाण्यातले, चुन्यात मीठ राहिलं असेल, मीठ हवेतलं पाणी ओढतं. मी म्हटलं, बाकीच्या अकरा त्याच मडक्यातल्या आहेत. त्यांनी एकेक फळी चाचपून पाहिली. "मग मला सांगता येत नाही," म्हणाले. प्रामाणिक माणूस.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी बारावी फळी चादरीत गुंडाळून मेस्तबरोबर पणजीला नेली. खांडोळकर सर हॉलच्या दारातच भेटले.

"अहो, आपलं ठरलंय ना? तुमची सही आहे."

"सही मी परत घेते."

"कॅटलॉग छापून झालाय!"

"मग कॅटलॉग चुकलाय."

मेस्तने तोवर भिंतीवरच्या कोऱ्या जागेत खिळा ठोकला होता.

उद्घाटनाला तेच अधिकारी आले. पांढरा शर्ट तोच असेल किंवा तसाच दुसरा. एकेक चित्र बघत बाराव्यापाशी थांबले. माणसं कावीला हात लावून बघतातच, त्यांनीही लावला, नेमका वळणावर. बोट तांबडं झालं.

"हे ओलं कसं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"कधी केलंय?"

"थर दिला त्याला महिना होत आला."

ते रुमाल काढून बोट पुसायला लागले. रंग रुमालावर पसरला, बोटावरूनही जाईना.

"तुम्ही म्हणालात, मधोमध उभे होते," मी म्हणाले. हॉलमध्ये माझा आवाज मला परका वाटला. "मधोमध नव्हते. तुम्ही बोट लावलंत ना, तिथे होते. कडेला. बसलेले. वहाणा काढून."

खांडोळकर सर घाईने जवळ आले. अधिकाऱ्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि ते पुढच्या माणसाशी हात मिळवायला वळले. एवढंच झालं. केस बदलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक नेहमीच्या वेळेला सुरू झाले. कोणाला शिक्षा झाली, कोणाच्या स्वप्नात भाई आला, असलं काही मी इथे लिहू शकत नाही, कारण तसं काही झालं नाही.

भाई स्वतः मला कधी दिसला नाही. आवाज नाही, वास नाही. दिसला असता तर त्याच्याशी भांडले असते. मेस्त जाऊनही बरीच वर्षं झाली. अकरा चित्रं लोकांच्या घरी आहेत, त्यांच्यातली कुठलीच ओली नाही, मी विचारून घेतलं आहे. कोणी चुन्यातला जाणकार हे वाचत असेल तर त्याने येऊन बघावं. मला कारण मिळालं तर हवंच आहे. मिळालेलं नाही.

बारावी फळी माझ्या मधल्या खोलीत आहे. दार मी लोटून ठेवते. वळणाची जागा ओली आहे.