डिंगोऱ्याच्या वाटेवरचं पंख्यांचं घर

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गावचा, कोणता आरोपी कोणत्या साली धरला, हे विचारलं तर सांगता येणार नाही. पिंपळवंडीच्या त्या बाईंचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे, त्या दुपारच्या उजेडासकट. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बाईंचं किंवा त्या घराचं नाव मी इथे लिहिणार नाही.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. उन्हाळा तोंडावर आला होता, शिवारात कांदा काढणी चालू होती. दिवेलागणीच्या सुमारास पंचेचाळिशीचा एक शेतकरी दोन भावांना घेऊन ठाण्यात आला. बायको सकाळी लेण्याद्रीला दर्शनाला म्हणून घरातून निघाली होती. चतुर्थी होती. ती परतलीच नव्हती. सगळ्या पाहुण्यांना फोन करून झाले होते. बाईंचा स्वतःचा मोबाईल घरातच, पिठाच्या डब्यामागे, बंद करून ठेवलेला सापडला होता.

मोबाईल मागे ठेवून गेलेली बाई म्हटलं की पोलिसाच्या मनात दोनच विचार येतात. एक तर ती कुणाबरोबर तरी गेली, नाहीतर विहिरीकडे गेली.

ठाणे अंमलदारांनी मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली. उंची, बांधा, रंग नवऱ्याने अंदाजाने सांगितलं. साडीचा रंग विचारल्यावर तो भावांकडे बघायला लागला.

"हिरवी आसंल," धाकटा भाऊ म्हणाला.

"घरात भांडण झालं होतं का?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. भांडायला येळ कुठं हाय?" नवरा म्हणाला. "आमच्या आईचं एक अंग गेलंय. तीन वरसं झाली, अंथरुणातच हाय. हीच करती सगळं."

"रात्री कोण बघतं?"

"हीच की."

"मग ती झोपते कधी?"

 लपवणारा माणूस गप्प बसतो तेव्हा त्याचे हात चाळा करतात, हे मी अनेकदा पाहिलं होतं. याचे हात मांडीवर तसेच पडून होते. त्याला उत्तर खरंच माहीत नव्हतं.

आसपासच्या ठाण्यांना वायरलेसवर संदेश गेला. उजाडल्यावर गावकऱ्यांनी विहिरींत गळ टाकले. वनखात्याची माणसं उसाच्या कडेने बिबट्याचे ठसे शोधत फिरली. मी आमच्या महिला हवालदारांना घेऊन बाईंच्या घरी गेलो.

मधल्या खोलीत खाटेवर सासू होती. आम्हाला बघताच तिने तोंड वाकडं करत जोर लावला. "पं... कं... पं... कं..."

मुलाने लगबगीने उठून डोक्यावरचा पंखा मोठा केला. "उकाडा सोसत नाय तिला."

म्हातारी डाव्या हाताने खाटेवर थापट्या मारू लागली. त्याने पंखा बारीक केला. थापट्या थांबेनात. शेवटी त्याने तो बंदच केला, तशी म्हातारीने डोळे मिटून घेतले.

"काल सकाळपासनं आसंच चाललंय," तो म्हणाला. "तिचं बोलणं हिलाच उमगायचं. आमाला नाय कळत."

मी एखादी चिठ्ठी मिळते का म्हणून कपाट बघत होतो. हवालदार बाईंचे वडील अशाच दुखण्यात गेले होते. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"आजी, पंखाच म्हणताय ना? हा पंखा नव्हं का?"

म्हातारीने डोळे उघडले.

"दुसरा? लांबचा?"

म्हातारीने मान हलवली. हवालदारांनी तिच्या तोंडाशी कान नेला. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "साहेब, त्या म्हणतात, मीच धाडली."

"आईनं?" नवरा भिंतीला टेकला. "आई कशी काय धाडंल?"

पुढचे शब्द काही लागले नाहीत.

तेवढ्यात आळेफाट्यावरून आमच्या एका चहावाल्या खबऱ्याचा फोन आला. भावांनी बाईंचा फोटो मोबाईलवर सगळीकडे फिरवला होता. तो बघून एक जीपवाला त्याला म्हणाला होता, "ही बाई जुन्नरच्या गाडीत नाय बसली. माझ्या जीपमधी बसली, ओतूरकडं. डिंगोऱ्याच्या अलीकडं उतरली."

मी ते हवालदारांना सांगितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "साहेब, डिंगोऱ्याच्या वाटेला पंख्यांचं घर हाय. एक रिटायर वायरमन राहतात. जुने पंखे गोळा करून घरभर टांगलेत. लोक मोटारी, पंखे वाइंडिंगला नेतात तिथं."

गाडीत बसता बसता त्यांनी बाकीचंही सांगितलं. गृहस्थ सत्तरीचे, बायको वारलेली, एकटे राहणारे, बौद्ध समाजातले. आणि हरवलेली बाई गावकीत वजन असलेल्या बागायतदार घरातली. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की काय होऊ शकतं, हे आमच्या खात्यात कुणाला शिकवावं लागत नाही. मी मागे वळून पाहिलं. अंगणातल्या भावांच्या दोन्ही मोटारसायकली आता तिथे नव्हत्या. जीपवाल्याने भावांनाही सांगितलं होतं.

भाऊ माणसं गोळा करायला थांबले असावेत, कारण आम्ही आधी पोचलो.

रस्त्यापासून आत, बांधाच्या कडेला, पत्र्याचं लांबलचक घर. दारात बायकांच्या चपला. ओट्यावर एक म्हातारा मांडीवर पंख्याचं पातं घेऊन फडक्याने पुसत बसला होता. आम्हाला बघून उभा राहिला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"जय भीम साहेब. जरा हळू. आत ताई झोपल्यात."

मी दार लोटलं.

आत मी जे पाहिलं ते सांगताना आजही आवाज आपोआप खाली येतो. लांब दालनाच्या छताला लोखंडी तुळया टाकलेल्या आणि त्यांना रांगेने पंखे टांगलेले, एकोणतीस. तीन पात्यांचे, चार पात्यांचे, काही लाकडी पात्यांचे, हंड्याएवढ्या बिडाच्या पोटाचे. पितळ घासून लख्ख केलेलं. प्रत्येकाच्या समोर भिंतीवर खडूने त्याचं मूळ ठिकाण लिहिलेलं. टपाल कचेरी. डाकबंगला. बंद पडलेलं थेटर. बायकांचा वॉर्ड, उत्तरेची खिडकी. शेवटच्या रांगेतले पाच पंखे चालू होते, पण इतके सावकाश की पातं न् पातं मोजून घ्यावं. वारा असा लागत नव्हता. हवा नुसती जागच्या जागी हलत होती. वरच्या झरोक्यांतून ऊन आत येत होतं आणि पात्यांच्या सावल्या फरशीवरून सरकत भिंतीवर चढत होत्या, पुन्हा खाली येत होत्या. प्रत्येक पंख्याची घुमघुम वेगळी, आणि पाचांची मिळून एकच.

त्या सावल्यांखाली सतरंजीवर बाई झोपल्या होत्या. साडी जांभळी होती. तोंड किंचित उघडं, एक हात उताणा पडलेला. हवालदारांनी वाकून श्वास पाहिला, नाडी पाहिली.

"झोपल्यात साहेब," त्या कुजबुजल्या. "नुसत्या झोपल्यात."

मी म्हाताऱ्याला ओट्यावर आणून बसवलं आणि खडसावून विचारायला सुरुवात केली. "केव्हापासून आहेत?"

"काल धा वाजल्यापासनं."

"आणि रात्री?"

"संध्याकाळी उठल्या व्हत्या. पानी प्याल्या. शेवटची गाडी गेली का म्हनाल्या. म्हटलं, गेली ताई. तर पुन्हा आडव्या झाल्या. मी माझ्या भावजयीला बोलावून आत झोपवलं. मी विहारात जाऊन झोपलो, चौघांच्या देखत. मला कळतंय ना साहेब, लोक काय बोलत्याल ते."

"एवढं कळतं, तर ठाण्याला का नाही कळवलं?"

म्हातारा पातं पुसत राहिला. "मी मोठ्या दवाखान्यात तीस वरसं वायरमन व्हतो. हे पंखे तिथले, आन् कुठले कुठले भंगारात निघालेले. वॉर्डात पेशंट गोळीनं झोपायचा. त्याच्या संगं आलेलं माणूस नाय झोपायचं. ते कधी भिंतीला टेकून डोळा लागलं, की आमी शिडी सुदीक वाजवायचो न्हाई. ह्या ताई मागं पंखा वाइंडिंगला घेऊन आल्या व्हत्या. बाकड्यावर बसल्या बसल्या अर्धा तास झोपल्या. उठल्या तवा रडल्या. म्हटलं, ताई, कवाबी या. आता आल्या, तर मी उठवू कसा?"

मी विहारात माणूस पाठवला. गोष्ट खरी निघाली. भावजयीनेही तेच सांगितलं.

तोवर मोटारसायकली आल्याच. मागून एक टेम्पो. दहा-बारा माणसं उतरली, दोघांच्या हातांत दांडकी. बाईंचा नवराही त्यांच्यात होता. मी दारात उभा राहिलो.

"बाई सापडल्या आहेत. सुखरूप आहेत. झोपल्या आहेत. आत फक्त नवरा जाईल, चपला काढून."

"आदी त्या म्हाताऱ्याला गाडीत घाला साहेब," धाकटा भाऊ म्हणाला.

"कोणत्या कलमाखाली?"

"कलम तुमी बघा."

मागून कुणीतरी जातीवरून एक शब्द टाकला. मी गर्दीत शिरलो आणि त्या माणसासमोर उभा राहिलो. "पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव. गाव." हवालदारांनी वही काढली. गर्दीचं एक असतं, तिला नाव नसतं म्हणून ती धीट असते. एकाचं नाव कागदावर चढलं की बाकीच्यांना घरची कामं आठवतात. पाच मिनिटांत टेम्पो वळला. भाऊ तेवढे उभे राहिले.

नवरा आत गेला. मला वाटलं, हा आता हाताला धरून उठवणार. तो बायकोपाशी गेला, वाकला, आणि तसाच मागे सरून भिंतीला टेकून खाली बसला. माझ्याकडे न बघता बोलला, "मी झोपतो तवा ही जागी आसती साहेब. मी उठतो तवाबी जागी. हिला झोपलेली बघून किती वरसं झाली, काय याद नाय."

उठवायला हवं होतं. नियमाने जबाब घ्यायचा होता, ठाण्यात कळवायचं होतं. मी दारातल्या बाकड्यावर बसलो. पुढच्या दीड तासात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. सावल्या जात-येत होत्या. बाहेर कुठेतरी कांद्याच्या गोण्या भरण्याचा आवाज, बायकांचं बोलणं, मग तेही लांब गेलं. टपाल कचेरी, डाकबंगला, थेटर, वॉर्ड असं मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. त्या पंख्यांखाली किती माणसं टेकली असतील, वाट बघत, पत्र लिहीत, बाळंत होत, ती सगळी आताही त्या दालनात हळूहळू श्वास घेत आहेत असं वाटायला लागलं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ती केव्हा काढली ते आठवत नाही.

तीनच्या सुमारास बाई जाग्या झाल्या. खाकी कपडे बघून त्यांनी पदर ओढला. पहिला शब्द, "सासूबाई?"

"बऱ्या आहेत," हवालदार म्हणाल्या. "त्यांच्यामुळंच तुम्ही सापडलात."

जबाब तिथेच, सतरंजीवर बसून घेतला.

"ताई, घर सोडून का गेलात?"

"घर कुठं सोडलं साहेब? मी हरवले नव्हते. झोपले व्हते." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "सासूबाई म्हैनाभर मागं लागल्या व्हत्या. पंख्याखाली झोपून ये म्हणायच्या. मी एक दीस मेले तर काय बिघडत न्हाई, म्हणायच्या. शपथ घातली. लेण्याद्रीचं नाव सांग, म्हनल्या. सांजच्याला परतणार व्हते. डोळाच उघडंना."

"आणि मोबाईल का ठेवून आलात?"

"वाजला आसता ना."

एवढंच. मोबाईलचा तिसरा अर्थ मला तोवर सुचला नव्हता.

भावांना अजूनही म्हाताऱ्याविरुद्ध तक्रार हवी होती. नवऱ्याने नकार दिला. "काय म्हणून देऊ? ह्यांनी हिला झोपू दिलं. आपण कुणी दिलं न्हाई." मग तो म्हाताऱ्याकडे वळला. "काका, पाणी द्या जरा." म्हाताऱ्याने तांब्या आणला. नवरा भावांच्या समोर ते पाणी प्याला, सगळा तांब्या, थांबत थांबत. धाकटा भाऊ रस्त्याकडे बघत राहिला. मी स्टेशन डायरीत लिहिलं की महिला सज्ञान आहे, स्वेच्छेने गेली होती, कोणाविरुद्ध तक्रार नाही. प्रकरण कागदावर संपलं.

पुढे पावसाळ्यात ती सासू गेली. त्यानंतर एकदा लेण्याद्रीला बंदोबस्ताला असताना पायऱ्यांवर बाई भेटल्या. सोबत नवरा होता. शेवटचे महिने तिन्ही भावांनी रात्री वाटून घेतल्या होत्या. आईचे दहा-बारा शब्द नवऱ्याला कळायला लागले होते.

"आता तर रात्र मोकळी आसंल," मी म्हणालो.

"हाय की. पण दोनला जाग येतीच साहेब. कान देऊन पडते. कुणी हाक मारत न्हाई." मग थोडं हसून म्हणाल्या, "डिंगोऱ्याला जाते कधीमधी. हेच सोडायला येत्यात. मी झोपते, हे काकांसंगं ओट्यावर बसत्यात."

त्या प्रकरणानंतर माणूस हरवल्याची तक्रार आली की मी घरातल्या त्या माणसाशी आधी बोलायचो, ज्याचं बोलणं घरात कुणी धरत नाही. म्हातारं, आजारी, वेडसर, तोतरं, जे कुणी असेल ते. पुष्कळदा उपयोग झाला. नव्या अधिकाऱ्यांना मी हेच सांगत आलो.

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. माझी आईसुद्धा शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं हिनेच केलं होतं. त्याला तेव्हा सहा वर्षं उलटून गेली होती. मी दारात उभा राहून विचारलं, "आईच्या वेळी तू झोपायचीस कधी गं?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "कुकर लावला की. ओट्याला टेकून. तीन शिट्ट्या होईपर्यंत."

त्या वर्षी मी सतत बंदोबस्तात होतो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. त्यातल्या निम्म्या रात्री मी घरीच होतो.