शेवंताक्काचा भाऊ

शेवंताक्का कुठल्याही अंधाऱ्या जागेत शिरण्याआधी उंबऱ्यावर काठी आपटायची आणि म्हणायची, "आलो रं, सरक बाजूला." गोठा असो की कोठीची खोली, भर दुपार असली तरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आत कुणी झोपलंय. वाकून बघितलं तर ज्वारीची पोती आणि बंद पडलेला पंखा.

"कुणाला म्हणता अक्का?"

"ज्याला कळायचं त्याला कळलं. तुमी बसा पावणं, च्या ठेवतो."

मी कागलजवळ एमआयडीसीत नोकरीला. अक्काच्या घराला लागून दोन गुंठे घेतले होते, घर बांधायला. तुकड्याच्या कोपऱ्यात कमरेइतकं उंच वारूळ होतं. जागा घेताना त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तरी मी हसलो असतो. तेव्हा मला सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं.

वारुळाची हकिकत तिनंच सांगितली, शेंगा फोडता फोडता. तिच्या लग्नानंतरची पहिली नागपंचमी. तिला माहेरी न्यायला धाकटा भाऊ सिद्धू मुराळी म्हणून आजऱ्याकडून आला. बहिणीचं दार दिसायला लागलं आणि त्या वारुळापाशीच त्याला पान लागलं. सापानं डसलं असं त्या घरात कुणी म्हणत नसे. संध्याकाळपर्यंत पोर गेलं. तेरावं झाल्यावर अक्का एकटीच वारुळापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझा भाऊ तू नेलास. आता तूच भाऊ हो."

नंतर ती कधी माहेरी गेली नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी आपल्याकडं बायका भावासाठी उपास धरतात. अक्काही धरायची, आणि दुसऱ्या दिवशी दूध-लाह्या घेऊन वारुळाशी जायची.

"ज्यानं मारलं त्यालाच भाऊ म्हणायचं?" मी विचारलं.

"चावला म्हणून नातं तुटतंय व्हय? भावकी काय कमी चावती? तरी जेवाय बोलवतोच की." मग शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "पर इतकी वर्सं मीच जातो त्येच्या दारात. त्यो काय एकदा बी बहिणीच्या घरला आला न्हाई."

तिनं माझ्याकडं एकच मागितलं होतं. वारूळ राहू दे. ते जमणार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग निदान पंचमीला तरी मातीला हात लावू नगा." मी शब्द दिला, आणि पाळलाही. पंचमीला खणायचं नाही, जेसीबीवाला नंतर आठवडाभर मोकळा नाही, म्हणून मी आदल्या दिवशीच खणून घेतलं. बायको म्हणाली, "अहो, आज भावाचा उपास." मी म्हटलं, "खणायची बंदी उद्या आहे, आज नाही." माझ्या त्या हुशारीची मला आजही शिसारी येते.

दोन फटक्यांत वारूळ आडवं झालं. आत काही निघालं नाही, नुसती भुसभुशीत लाल माती. अक्का आली तेव्हा जेसीबी निघून गेला होता. ती उपाशीच होती. मला वाटलं आता शिव्याशाप देईल. तिनं मातीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि एकदम उठली. "हितं न्हाई त्यो," म्हणाली, आणि घाईघाईनं घराकडं चालू लागली. पाहुणा दारात ताटकळलाय म्हणून बाई निघावी तशी.

पंचमीला दुपारी मी माफी मागायला गेलो. चुलीवर पुरणाची दिंडं उकडत होती. पानं दोन वाढलेली. कोठीच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं.

"अक्का, माझं चुकलं."

"हळू बोला," ती म्हणाली. "भाऊ जेवतोय."

दाराआडून आवाज आला. कडब्यावरून कुणी हळूहळू दोरखंड ओढावं तसा. अक्काचा चेहरा असा उजळला होता, की मला तिच्याकडं बघवेना. "त्यो कवाच आला नसता," ती म्हणाली. "तुमीच घर मोडलासा, म्हणून आला." तिनं मला खरोखर हात जोडले.

दहा दिवसांनी राखी पौर्णिमा. बायकोसमोरच अक्कानं दारावरच्या गाडीवाल्याकडून लाल गोंड्याची राखी घेतली. दुपारी ती कोठीच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली सापडली, गेलेली. लोकांनी आग्रह धरला म्हणून डॉक्टरांनी अंग नीट तपासलं. कुठं दात उमटलेला नव्हता. हृदय थांबलं, म्हणाले. समोर पाट, ओवाळणीचं ताट, विझलेलं निरांजन. पाटावर कात पडलेली, अखंड, अजून ओलसर.

राखी ताटात नव्हती. आम्ही पोती हलवली, तिच्या मुठी उघडून बघितल्या. सापाला हात नसतो, हे मलाही कळतं. पण राखी त्या घरात नव्हती.

आमचं घर बांधून झालं. माझ्या बायकोला भाऊ नाही, तिघी बहिणीच. पुढच्या श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी तिनं माझं एकट्याचंच ताट वाढलं. मी विचारलं, "तू?"

"उपास हाय."

"कुणासाठी?"

"अक्का गेल्या," ती म्हणाली. "आता त्याला बहीण नगो व्हय?"

मीही त्या दिवशी जेवलो नाही.