शिशाची रेघ

"डोळे!" असं मोठ्यानं ओरडल्याशिवाय इंगोले मॅडमनी कधी बटण दाबलं नाही. आर्क, म्हणजे विजेचा जाळ, पेटला की त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नसतं. वेल्डिंगकडे पाहू नये, तसंच. म्हणून तो इशारा. पण खोलीत दुसरं कुणी नसलं तरी त्या ओरडायच्याच. मी शेजारच्या खोलीत अ‍ॅसिडच्या वाफांपाशी उभा असायचो. मधलं दार बंद, तरी दिवसभर ते "डोळे!" ऐकू यायचं. एकदा मी विचारलं, "मॅडम, आत कुणीच नसतं. मग सांगता कुणाला?"

"मले सांगतो," त्या म्हणाल्या. "मी बी तं मानूसच हाय ना, राऊत."

वऱ्हाडातल्या कितीतरी बायका बोलताना 'मी करतो', 'मी जातो' असंच म्हणतात; मॅडमही तसंच म्हणायच्या. नागपूरला शिकल्या, तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, इंग्रजीत पेपर लिहिले. पण बोली त्यांच्या गावची, रिठदची, ती रिठदचीच राहिली. बाहेरून आलेले साहेब चमकून पाहायचे. मॅडम त्यांच्याशीही तशाच बोलायच्या.

वाशीमला एका कॉलेजच्या मागच्या बैठ्या इमारतीत आमची माती आणि खडक तपासायची प्रयोगशाळा होती. माणसं आम्ही दोघंच, आणि सकाळी झाडायला येणाऱ्या एक मावशी. काम एकच, पद्धती दोन. मातीत जस्त किती, बोरॉन किती, तांबं किती, हे शोधायला मी माती अ‍ॅसिडमध्ये विरघळवत असे. मॅडमना ते पसंत नव्हतं. त्या माती कोरडीच घेत. खलात घोटून पिठासारखी करायची, त्यात ग्राफाईटची भुकटी मिसळायची, आणि पेन्सिलीएवढ्या ग्राफाईटच्या कांडीला टोकाशी कोरलेल्या इवल्याशा वाटीत ती ठासून भरायची. वर दुसरी कांडी, टोकदार. दोन्हींच्या मधे विजेचा जाळ पेटला की वाटीतली माती जळून तिची वाफ होते. यंत्रात त्या उजेडाच्या रेघा रेघा होऊन पडद्यावर उमटतात; धातू जितका जास्त, तितकी रेघ उंच. प्रत्येक धातूची रेघ ठरलेल्या जागी. लाखात एखादा भाग असला तरी रेघ उमटते.

"तुमी मातीले पह्यले बुडवता आन् मंग इचारता, सांग बाई तुह्यात काय हाय," त्या मला चिडवायच्या. "माही पद्धत बरी. जशी आली तशी पेटवा."

त्यांचे दोन नियम होते. पहिला, "पह्यले कोरं जाळा." म्हणजे माती न भरता नुसती कांडी आधी जाळून बघायची. कांडीतच काही मळ असला तर तो मातीच्या माथी मारला जाऊ नये म्हणून. दुसरा नियम अहवाल लिहिताना. एकदा मी एका नमुन्यापुढे 'कॅडमियम नाही' असं लिहिलं. त्यांनी कागद परत केला. "नाई म्हनाले तुमी कोन? 'आपल्याले दिसलं नाई' असं लिवा. दिसन्याची बी हद्द असते." तेव्हापासून मी तसंच लिहितो.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बसस्टँडच्या मागे एका घरात वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली होती. मी एकदा गॅसचं सिलिंडर चढवायला गेलो होतो, तेव्हा पाहिली. एक कॉट, एक खुर्ची. आलेल्या माणसाला बसायला दुसरी खुर्ची नव्हती. मला त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः कॉटच्या कडेवर बसल्या, परक्याच्या घरी बसल्यासारख्या. वाशीममध्ये त्यांना सगळेच मॅडम म्हणायचे. भाजीवाली, घरमालक, मी, सगळेच. त्यांना नावानं हाक मारणारं माणूस एकच होतं, रिठदला. त्यांचे थोरले भाऊ, उत्तमदादा. ते 'विशे' म्हणायचे. मॅडमचं नाव विशाखा.

दर शनिवारी दुपारी प्रयोगशाळेला कुलूप लावून मॅडम एसटीनं रिठदला जायच्या. जाताना पिशवीत भावाच्या नातीसाठी काहीतरी असायचंच. चिक्की, रंगीत खडू, रबरबँड. नात चारेक वर्षांची, नाव पिहू. सोमवारी डबा खाताना पिहूच्या गोष्टी. मला तर वाटायचं, बाकी आठवडा त्या नुसता काढतात आणि जगतात ते शनिवार-रविवार.

उत्तमदादांचं ट्रॅक्टर-मोटारींच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. आई-वडील गेले तेव्हा दादांनी सातवीतून शाळा सोडली होती आणि बहिणीला शिकवलं होतं. मॅडम हे अभिमानानं सांगायच्या. निकामी बॅटऱ्या ते घरामागच्या शेडमध्ये फोडायचे, आतल्या पट्ट्या वितळवून शिशाच्या लाद्या करायचे आणि विकायचे. अंगण आणि शेड यांच्यामध्ये भिंत नव्हती.

एका उन्हाळ्यात मॅडमच्या बोलण्यातली पिहू बदलली. लेकरू जेवत नाही. पोट दुखतं म्हणून रडतं. पांढरंफटक दिसतं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, रक्तवाढीचं दिलं. काही फरक नाही. एका सोमवारी मॅडमनी डबा उघडलाच नाही. म्हणाल्या, "येत होते ते शब्द बी इसरून राह्यली, राऊत. मले 'आत्याआजी' म्हने. काल नुसती पाहत बसली." मग म्हणाल्या, "लेकरू दिवसभर आंगनात खेळते. मातीचे हात तोंडात घालते."

पुढच्या सोमवारी त्या रिठदहून पुड्यांमध्ये माती घेऊन आल्या. अंगणातली, उंबऱ्यापुढची, पिहू खेळते त्या लिंबाखालची. त्या दिवशी मी माझं काम थांबवून त्यांच्या खोलीत काळा चष्मा लावून बसलो. त्यांनी आधी कोरं जाळलं. पडदा स्वच्छ. मग अंगणातली माती. शिशाच्या जागी जी रेघ उठली तिला रेघ म्हणणंही कठीण होतं. पडद्याच्या वरच्या कडेला ती भिडली होती. मॅडमनी कांडी बदलली. पुन्हा कोरं, पुन्हा माती. पुन्हा तेच. मग नव्या खोक्यातली कांडी काढली, खल धुतला, हात धुतले आणि पुन्हा तेच केलं. इतक्या वर्षांत एखादा नमुना खोटा निघावा म्हणून धडपडताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. शेवटी त्यांनी यंत्र बंद केलं.

"तुमी माह्यासंगं येता का?" त्या म्हणाल्या. "मी एकटीच गेली तं दादाले वाटन, बहीन बोलून राह्यली."

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. उत्तमदादांनी मला पाणी दिलं, खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. धिप्पाड, हसरा माणूस. मॅडम बसल्या नाहीत.

"दादा, पिहूच्या पोटात शिसं जाऊन राह्यलं. ह्या मातीतून."

"कोन म्हन्ते?"

"मी म्हन्तो. मी जाळून पाह्यली."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांचं हसू गेलं. "माह्या आंगनातली माती नेली तू? मले इचारलं?"

"शेड बंद करा लागते, दादा. वरची माती काहाडून फेका लागते. तोवर लेकराले इथं ठेवू नको."

"ह्याच बॅटऱ्या फोडून तुले नागपूरले शिकवलं. तवा नाई दिसलं तुले शिसं?"

"तवा बी असन," मॅडम हळूच म्हणाल्या. "मले दिसलं नाई."

"म्हंजे मी माह्या नातीले जहर देल्लं?"

"मी तसं नाई म्हनत."

"तसंच म्हनून राह्यली तू. परक्या मानसापुढं म्हनून राह्यली."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून प्रज्ञा उभी होती. कडेवर पिहू, एका हातात चहाचा ट्रे. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ट्रे तिथंच खाली ठेवला आणि आत गेली. चहा कुणीच घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा लेकराला घेऊन जऊळक्याला माहेरी निघून गेली. पिहूचं रक्त अकोल्याला तपासलं; त्यात शिसं निघालं, भरपूर निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, घराची माती साफ होईपर्यंत मुलीला परत नेऊ नका. काही दिवसांनी दादांचा मुलगाही बायको-मुलीकडे राहायला गेला. तिकडे पिहू हळूहळू सुधारली. खायला लागली, बोलायला लागली. हे मॅडमना फोनवर प्रज्ञाच कळवायची. रिठदच्या घरात उत्तमदादा एकटे उरले. त्यांनी गावातल्या एका पोराच्या हाती मॅडमना निरोप पाठवला: आता इकडं यायचं काम नाही.

मॅडमनी हे मला सांगितलं नाही. त्यांचं रिठदला जाणं थांबलंय हे मला कळलं ते वेगळ्याच तऱ्हेनं. शनिवारी मी कारंज्याची गाडी पकडायला स्टँडवर जात असे. एका शनिवारी मॅडम रिठदच्या गाडीच्या फलाटावर बाकावर बसलेल्या दिसल्या, मांडीवर पिशवी. मला बरं वाटलं, म्हटलं मिटलं असेल. गाडी आली. माणसं चढली. मॅडम बसूनच राहिल्या. गाडी निघून गेली, तशा त्या उठल्या, पदर सारखा केला आणि खोलीच्या रस्त्याला लागल्या. पुढच्या शनिवारीही तेच. त्यांनी मला पाहू नये म्हणून मी खांबाआड उभा राहत असे. पावसाळा गेला, हिवाळा गेला, मॅडमचे शनिवार तसेच चालले.

काम मात्र त्या नेहमीसारखंच करायच्या. फक्त डबा खाताना आता बोलायला काही नसायचं. मी माझ्या घरचं काहीबाही सांगायचो. त्या ऐकायच्या, "हो का?" म्हणायच्या.

मग एका सकाळी उत्तमदादा प्रयोगशाळेच्या दारात आले. निम्मे झाले होते. हातात प्लास्टिकच्या पुड्या, त्यांत माती. मॅडम टेबलामागे बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या.

"मॅडम," दादा म्हणाले, "माती तपासाची होती."

मॅडमचा चेहरा मला दिसत नव्हता. "कुठली?" त्यांनी विचारलं.

"रिठदची."

मॅडमनी पुड्या घेतल्या. चहाचं विचारलं; दादा "घेतला" म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी शेड पाडून टाकली होती, अंगण गुडघाभर खोल खणून ती माती दूर पडीक जमिनीत पुरली होती आणि नवी माती आणून टाकली होती. एकट्यानं. हे मला त्यांच्या मुलानं नंतर सांगितलं. मॅडमनी कोरं जाळलं, मग एकेक पुडी. शिशाच्या जागी लहानसा उंचवटा, आपल्या भागातल्या कुठल्याही शेतातल्या मातीत असतो तेवढाच.

त्या बाहेर गेल्या. "थोडं शिसं सगळ्याच मातीत असते. तेवढंच हाय. लेकरू आनलं तं चालते. हात धुवाले लावजा तिले."

"बरं, मॅडम," दादा म्हणाले आणि निघाले. फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

मॅडम आत आल्या. कांड्या धरायचा चिमटा घेतला आणि स्वच्छ असलेला तो चिमटा पुसत बसल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "दादानं मले मॅडम म्हनलं, राऊत."

पिहू रिठदला परत आली. शाळेत जाऊ लागली. मॅडमना मात्र बोलावणं आलं नाही, आणि बोलावल्याशिवाय त्या गेल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी घरमालकाचा मला फोन आला. मॅडम झोपेतच गेल्या होत्या.

उत्तमदादा मुलाचा टेम्पो घेऊन आले आणि त्यांना रिठदला घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. अंगणात बुद्धवंदना झाली. पिहू आईचा हात धरून उभी होती, चांगली उंच झालेली. सगळं आटोपल्यावर माणसं पांगली, तसे दादा माझ्याजवळ येऊन बसले.

"तुमी होते ना त्या दिवशी लॅबात?"

"होतो."

"अकोल्याले बी तपासून भेटली असती माती. पोरगा घेऊन जातोच म्हने. मीच म्हनलो, नाई, विशेलेच दाखवाची. गाडीत बसल्यापासून घोकून राह्यलो होतो. गेल्याबरोबर विशे म्हनाचं. बाकी काई नाई, विशे म्हनाचं. तिथं टेबलामागं तिले पाह्यलं, अन् तोंडातून मॅडम निघालं. मंग मांगं घेताच आलं नाई."

एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले; उद्या प्रयोगशाळेत गेलो की मी मॅडमना हे सांगणारच आहे, अशा नजरेनं.