पालीच्या जिन्याचं रेलिंग

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आज पुन्हा एकाने विचारलं — साहेब, वेल्डिंगचा खर्च कमी कसा करायचा? वैताग येतो हो! काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्यांत माझं नाव त्याच एका गोष्टीसाठी झालेलं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बी.कॉम. झालो आणि मोठ्या भावाच्या, दादाच्या, फॅब्रिकेशनच्या गाळ्यात कारभार बघायला बसलो. वेल्डिंग तो करायचा, अक्कल मी शिकवायचो.

आणि माझे सल्ले खोटे नव्हते — आजही छातीठोकपणे सांगेन. तुकडे नीट कापून घट्ट बसवा. रुंद फट नुसती वेल्डिंगचे रॉड पिते. गंज घासल्याशिवाय रॉड टेकवू नका. पावसाळ्यात रॉड उघडे टाकू नका. अर्थिंगचा चिमटा सैल ठेवू नका. आणि जिथे चालेल तिथे सलग वेल्डिंग करू नका, अंतरा-अंतरावर टाके मारा. रॉड वाचतो, पट्टी वाकत नाही.

जिथे चालेल तिथे! नेमकं एवढंच मी गिळलं.

टाक्यांचं मला रॉड विकायला येणाऱ्या माणसाने सांगितलं होतं. लगेच म्हणालाही होता, "लेकिन दरिया के बाजू में नहीं, भाई. उधर पूरा बंद करो. बीच में खारा पानी घुसेगा, अंदर से खा जाएगा." नीट ऐकलं होतं मी. दादाला मात्र पहिलं अर्धंच सांगितलं. का? दुसरं सांगितलं असतं तर समुद्राकाठच्या उत्तन-पालीची कामं, म्हणजे आमची निम्मी कामं, त्यातून सुटली असती — मग माझी बढाई कसली राहिली?

"काय साहेब, बी.कॉम.ला रॉडपण शिकवतात काय?" दादा चेष्टा करायचा. पण ऐकायचा. माझ्या डिग्रीचा तोरा माझ्यापेक्षा त्यालाच जास्त.

पालीत मासळी विकणाऱ्या मेरीमावशीच्या घराला बाहेरून जिना होता. दादाने रेलिंग लावलं — टाके मारून, वर झकास रंग. काही पावसाळ्यांनी मावशी पाटी घेऊन उतरत होती, रेलिंगला धरलं आणि ते मुळातून सुटलं. खुबा मोडला. मावशी पुन्हा बाजारात बसली नाही.

तिचा मुलगा गाळ्यावर आला. "आय माजी खाटंवर हाय! वेल्डिंग केलंस का शितानं चिकटवलंस?" आजूबाजूचे सगळे गॅरेजवाले जमले. दादाने माझ्याकडे पाहिलं. बोलायचं काम माझंच ना — शिकलेला मी!

आणि मी काय बोललो? "दादा, किती वेळा सांगितलं तुला, घाई करू नकोस."

तो भांडला असता तर? एक कानफटात दिली असती तर? मावशीच्या औषधपाण्याचं त्याने बघितलं. त्या संध्याकाळी शटर ओढताना मला एवढंच म्हणाला, "माझाच हात हलला असेल रे."

त्याचा हात! त्या हाताची काडीची चूक नव्हती. पण त्यानंतर दादाने वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नाही. घासायचं काम करायचा, रंग मारायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, आता डोळ्यांना झेपत नाही.

मी दुसरा वेल्डर ठेवला. पहिल्याच दिवशी त्याला बजावलं — उत्तन-पालीच्या कामाला टाके नाहीत, सलग चालव, कुठेही फट नको. बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. दादा बाजूलाच एका गेटला रेड ऑक्साइड लावत होता. आता त्याला कळणार. आता ब्रश फेकून मारणार.

त्याने मान वर केली. त्या नव्या वेल्डरला म्हणाला, "ऐक त्याचं. शिकलेला आहे तो. मी नाही ऐकलं."

आणि मी — मी मान डोलावली.