मालकांच्या रक्तातलं शिसं

शिसंताई कुणालाही भेटल्या की आधी विचारायच्या, "पोट साफ होतं का?" नाव, गाव, घरची खुशाली हे सगळं त्यानंतर. धाराशिवच्या बाहेर एमआयडीसीत आमचा बॅटरीच्या प्लेटा ओतण्याचा लहानसा कारखाना होता. तिथं हा प्रश्न रोजचाच झाला होता, पण ताई तो बाहेरही विचारत. भट्टीवरच्या एकाच्या लग्नात त्या आहेर घेऊन स्टेजवर गेल्या आणि नवरदेवाला त्यांनी हेच विचारलं. मंगलाष्टकांचा माईक अजून चालू होता. सगळ्या मांडवानं प्रश्न ऐकला, आणि सवयीनं खरं बोलून गेलेल्या नवरदेवाचं उत्तरही ऐकलं. नवरीच्या मामांनी धावत जाऊन माईक बंद केला.

प्रश्नाला कारण होतं. वितळलेल्या शिशाची वाफ आणि धूळ अंगात भिनली की आधी बद्धकोष्ठ होऊन पोट धरतं, मग हातापायातली ताकद जाते. हे आम्हाला ताईंनीच सांगितलं. त्यांचं खरं नाव सुनंदा. त्या नर्स होत्या, तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातल्या, आणि कारखान्यात आरोग्याच्या नोंदी ठेवण्याच्या कामावर आल्या होत्या. मी तिथं हजेरी लावायचो आणि माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं.

त्या येण्याआधी या नोंदी एक कारकून ठेवायचे. ते नोकरी सोडून गेले होते. ताईंनी पहिल्याच दिवशी त्यांची जुनी वही उघडली तर प्रत्येक माणसापुढं "प्रकृती उत्तम" असं सुंदर अक्षरात लिहिलेलं. ताईंनी एकेकाला बोलवायला सुरुवात केली. एक नाव पुकारलं, तर कुणी उठेना. शेवटी भट्टीवरचा मारुती म्हणाला, "ताई, त्यो मागल्या वर्षी वारला." ताईंनी वहीत पाहिलं. वारल्यानंतरही त्याची प्रकृती दर महिन्याला उत्तमच होती. मारुतीला त्यात काही विशेष वाटलं नाही. मेल्यावर माणसाची तक्रार राहत नाही, एवढंच तो म्हणाला.

ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला शेडमध्ये जमवून नियम समजावला. विषारी पदार्थाशी काम करणाऱ्या प्रत्येकाची तपासणी मालकानं करायची, तिथली हवा मोजायची, ते सगळं लिहून ठेवायचं. माणूस नोकरी सोडून गेला तरी पुढं कित्येक वर्षं त्याची नोंद जपायची, कारण शिसं लवकर बोलत नाही. आणि ज्याची नोंद त्यानं मागितली तर ती त्याला दाखवायची. मालकांना यातलं जपायचं कलम फार विचित्र वाटलं. गेलेल्या माणसाचा कागद कशाला सांभाळायचा, असं ते विचारायचे. ताईंना मात्र तेच सगळ्यात सोपं वाटे. त्यांच्या माहेरी नवसाला आलेल्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वह्यांत लिहिलेली होती. सोलापूरच्या बसनं अनोळखी माणूस उतरायचा आणि आपल्या पणजोबांचं नाव विचारायचा. माणूस परत येतो, यावर त्या घराचा विश्वासच होता.

हवा मोजायला त्यांनी एक छोटा पंप मागवला. तो कमरेला बांधायचा आणि त्याची नळी कॉलरला अडकवायची. ज्या हवेत माणूस श्वास घेतो तीच हवा त्यात जायला हवी. मारुतीला त्याचं ओझं व्हायचं, म्हणून त्यानं तो गेटबाहेरच्या लिंबाला टांगून ठेवला. अहवाल आला तेव्हा मारुती कारखान्यातला सगळ्यात निरोगी जागी काम करणारा माणूस ठरला. ताईंनी अहवाल वाचला, उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी मारुतीला पंप बांधून पाळीभर त्याच्यामागं स्टूल घेऊन बसल्या.

मग त्यांच्या मनात आलं की मालकही याच आवारात दिवस काढतात. त्यांनी मालकांच्या कॉलरला नळी अडकवली. मालकांना तो मान वाटला. त्या दिवशी एक पुढारी भेटीला आले होते, तर मालकांनी नळीसकट फोटो काढून घेतला. मालक तसे बरे होते, पण वर्षभर पोटदुखीनं हैराण. कुणीतरी करणी केलीय असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. केबिनच्या दारावर लिंबू-मिरची होती, खुर्चीखाली बिब्बा होता, आणि टेबलाच्या खणात चार देवळांचे अंगारे. ताईंनी त्यांचं रक्तही घेतलं.

अहवाल आले तेव्हा मी शेजारीच होतो. सगळ्या कारखान्यात सर्वांत वाईट हवा मालकांच्या एसी केबिनमध्ये निघाली. रक्तातलं शिसंही मारुतीपेक्षा त्यांचंच जास्त. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. भट्टीचा धूर वर सोडायचं धुराडं मालकांनी पत्रा वाचवायला तोकडं करून घेतलं होतं. त्याचं तोंड नेमकं केबिनच्या खिडकीतल्या एसीपाशी येत होतं.

मालकांनी ताईंना बोलावलं. मीही हजेरीपट घेऊन उभा होतो. मालकांनी कागद त्यांच्याकडं सरकवला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, हा आकडा बदला. बाहेर कळलं तर मालकालाच विष भिनलं म्हणून लोक हसतील."

"मालक, आकडा तुमच्या रक्तात आहे," ताई म्हणाल्या. "तिथं बदलला की इथं बदलते."

मालकांनी त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. ताईंनी वाद घातला नाही. नियमाप्रमाणं मालकांच्या नोंदीची प्रत मालकांनाच दिली, मिळाल्याची सही घेतली, आणि एसटी धरून तुळजापूरला गेल्या. त्या आठवड्यात मारुतीच्या हातातून शिशाची पळी निसटली. पाय थोडक्यात वाचला. त्याचं मनगट उचलत नव्हतं. सुपरवायझर त्याला आळशी म्हणाला. ताईंच्या टेबलावर आता चहाचे कप ठेवत होते. मला तिकडं बघवत नव्हतं.

मालक पोट धरून सोलापूरला डॉक्टरकडं गेले. शिशाचं काम करता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी कुठं करतो, मी मालक आहे, असं यांनी सांगितलं. मग घडी घातलेली ती प्रत खिशातून काढली. डॉक्टरांनी ती वाचली आणि जागा सोडायची नसेल तर औषध फुकट जाईल, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ताईंना आणायला गाडी पाठवली. गाडी रिकामी परत आली आणि ताई मागून एसटीनं आल्या. त्यांच्या अटी तयार होत्या. धुराडं उंच करायचं, हात धुवायला साबण-पाणी आणि वेगळी जागा, कामाचे कपडे कारखान्यातच धुवायचे, शेडमध्ये कुणी भाकरी सोडायची नाही, आणि मारुतीचे उपचार भरपगारी. मालकांनी सगळं मान्य केलं. केबिनवरचं लिंबू तेवढं ठेवू द्या म्हणाले. ताईंनी ठेवू दिलं.

त्यानंतर मालक ताईंपेक्षाही कडक झाले. जेवणाच्या सुट्टीत नळापाशी उभं राहून प्रत्येकाची नखं बघायचे. तपासणीच्या दिवशी ते आणि मारुती एकाच बाकावर बसायचे आणि शाळेतल्यासारखे एकमेकांचे कागद बघायचे. एकदा मारुतीचा आकडा त्यांच्यापेक्षा जास्त खाली उतरला, तर मालक दिवसभर रुसून होते. मारुतीचं मनगट हळूहळू उचलू लागलं. पूर्ण नाही, पण पाण्याचा तांब्या धरण्याइतकं. त्याला पॅकिंगला घेतलं.

ताई गुडघ्यांमुळं नोकरी सोडून मुलाकडं पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि प्रत्येकाला त्याच्या नोंदीची प्रत घरी न्यायला लावली. काहींनी पेटीत ठेवली, काहींनी हरवली. मारुतीकडं जेवायला गेलो तेव्हा त्याची प्रत मला देव्हाऱ्यात भवानीच्या तसबिरीला टेकवलेली दिसली. त्याची बायको रोज तिला हळदकुंकू वाहते. नवी तपासणी झाली की जुना कागद उतरतो, नवा बसतो.

मला हसू आलं, म्हणून मी तिथूनच ताईंना फोन लावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"लावू दे कुंकू," त्या म्हणाल्या. "फक्त आकड्यावर लावू नको म्हणावं. तो वाचता आला पाहिजे."